तीन एकर गवत आणि उलटी प्रदक्षिणा

नैऋत्य ओहायोत, डेटन शहराच्या दक्षिणेला आम्ही घर घेतले, त्याला आता सहा वर्षे झाली. घराबरोबर साडेतीन एकर जमीन आली. घर, शेड आणि ड्राइव्हवे वजा जाता त्यातली तीन एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने १२० गुंठे, नुसते गवत आहे. आधीच्या मालकांनी शेडमधल्या ट्रॅक्टरकडे बोट दाखवून ‘दीड तासाचे काम आहे’ असे सांगितले होते, आणि कागदावर त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. ट्रॅक्टरच्या पोटाखाली बसवलेला कापणीचा डेक ६० इंच, म्हणजे ५ फूट रुंद आहे. दोन पट्ट्यांच्या मध्ये गवताची शेंडी उभी राहू नये म्हणून एक पट्टा दुसऱ्यावर अर्धा फूट चढवावा लागतो, तेव्हा हाती उरतात साडेचार फूट. ताशी ४ मैलांच्या वेगाने एवढ्या रुंदीचा डेक तासाला दोन एकरांहून थोडे अधिक गवत कापतो. एकराचे ४३,५६० चौरस फूट धरून मी हे गणित स्वतः मांडले आणि मान डोलावली. पहिल्या एप्रिलमध्ये तेच गवत कापायला मला ३ तास ५० मिनिटे लागली, आणि त्यानंतर स्ट्रिंग ट्रिमर, म्हणजे फिरत्या दोरीने गवत छाटणारे हातयंत्र, खांद्याला अडकवून आणखी दीड तास.

हा वेळ कुठे जातो ते शोधण्यासाठी एका संध्याकाळी मी वही घेऊन सगळ्या आवारातून फिरलो आणि गवतात उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद केली. झाडे २७, कापलेल्या झाडांचे खुंट ४, सेप्टिक टाकीची हिरवी झाकणे २, कपडे वाळत घालायच्या दोरीचे खांब २, आणि शिवाय विहिरीच्या बोअरचा वर आलेला पाइप, प्रोपेन गॅसची टाकी, मुलांचा झोपाळा, पाखरांच्या दाण्याचा खांब, झेंड्याचा खांब आणि वीज कंपनीची हिरवी पेटी. एकूण ४१. प्रत्येक वस्तूपाशी ट्रॅक्टर हळू करायचा, वळवायचा, मागे घ्यायचा आणि राहिलेला कोपरा पुन्हा कापायचा. एका वस्तूमागे साडेतीन मिनिटे धरली तर ४१ वस्तूंचे जवळजवळ अडीच तास होतात. दीड तासाचे गणित मोकळ्या मैदानाचे होते. माझ्याकडे मैदान नव्हते.

साताऱ्याकडच्या आमच्या शेतातही झाडे होती, पण ती बांधावर. आंबा असो, बाभूळ असो वा कडुनिंब, त्याची जागा बांधाला. वावराच्या मधोमध झाड ठेवायचे तर त्याला तसेच भक्कम कारण लागे, कारण तिथे दर पाळीला औत वळवावे लागते आणि झाडाभोवतीची जमीन नांगराविना पडून राहते. इथली झाडे लावणाऱ्याने मात्र औत हाकणाऱ्याचा विचार केलेलाच नाही. त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे राहून, कुठे काय शोभेल ते पाहून झाडे लावली आहेत. ती शोभतातही. एप्रिलच्या अखेरीस खिडकीतून जे दृश्य दिसते त्याला नाव ठेवायला जागा नाही. पण खिडकीत उभे राहणाऱ्याची बाग आणि ट्रॅक्टरवर बसणाऱ्याची बाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या वहीने शिकवले.

इथल्या जाणकारांचे यावर एकच म्हणणे असते, की झिरो-टर्न घ्या. ते यंत्र जागच्या जागी फिरते आणि झाडाला अंगचटीला जाऊन कापते, हे खरे आहे, आणि नुसते गवतच कापायचे असेल तर मीही तेच सुचवीन. परंतु मला जानेवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ ढकलायचा असतो, मल्चचे, म्हणजे झाडांच्या बुडाशी पसरायच्या लाकडाच्या भुशाचे, ढीग हलवायचे असतात, पडलेली झाडे ओढून न्यायची असतात, आणि ही सगळी कामे पुढे लोडर लावलेला छोटा डिझेल ट्रॅक्टरच करतो. दोन यंत्रे घेऊन दोन्हींचे तेल बदलत बसण्याची माझी तयारी नव्हती. गावातल्या दुकानात सुटे भाग आणायला गेलो की ओळीने उभे असलेले महिंद्राचे लाल ट्रॅक्टर दिसतात. १९९४ पासून ही आपली मुंबईची कंपनी अमेरिकेत ट्रॅक्टर विकते आहे, आणि दर वेळी मी उगीचच त्यांच्यापाशी दोन मिनिटे रेंगाळतो. माझा ट्रॅक्टर दुसऱ्या बनावटीचा आहे. तो घराबरोबरच आला.

पहिला फटका खुंटांचा बसला. हे खुंट अ‍ॅश झाडांचे. एमराल्ड अ‍ॅश बोअरर नावाचा हिरवा, चकाकता भुंगेरा मूळचा पूर्व आशियातला. तो २००२ मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ प्रथम ओळखला गेला आणि २००३ मध्ये ओहायोत सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे पाडतात, अन्नरस वाहणाऱ्या वाहिन्या तुटतात आणि झाड वरून खाली वाळत येते. आमच्या आवारातली चार झाडे तशीच गेली होती. ती कापणाऱ्याने खुंट जमिनीपासून चार इंच वर सोडले होते. जमिनीलगत असते तर डेक वरून गेला असता, फूटभर उंच असते तर मला दिसले असते. चार इंच ही सर्वांत वाईट उंची. मे महिन्यात गवत आठ इंच वाढले असताना मी त्यातल्या एका खुंटावरून गेलो. सुतारकामाच्या करवतीत खिळा सापडावा तसा आवाज झाला आणि पूर्ण ट्रॅक्टर थरथरला. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाऊ नये असे इथले मानक आहे, म्हणजे ताशी जवळजवळ ३५० किलोमीटर. त्या वेगाच्या आसपास फिरणारे पोलाद लाकडावर आपटले की कुठेतरी काहीतरी वाकणारच. पाते तर वाकलेच, पण ते ज्या स्पिंडलवर फिरते तेही वाकले. पुढच्या आठवड्यात भाड्याने यंत्र आणून चारही खुंट जमिनीखाली सहा इंचांपर्यंत भुगा करून टाकले. ४१ चे ३७ झाले.

यानंतर मी वेगाचा नाद सोडला आणि दिशेकडे लक्ष दिले. बहुतेक डेकप्रमाणे माझ्या डेकचेही गवत फेकण्याचे तोंड उजवीकडे आहे. त्या बाजूला झाकणासारखी एक पट्टी बाहेर आलेली असते, ती वर बांधून ठेवू नये हे सांगायला नको, कारण दगड तिथूनच उडतो. तिच्यामुळे उजव्या बाजूने कशाच्याही अगदी जवळ जाता येत नाही. जवळून कापायची बाजू डावी. म्हणून झाड नेहमी डाव्या हाताला ठेवायचे, म्हणजेच त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरायचे, आणि कापलेले गवत झाडापासून दूर फेकले जाते. आवाराच्या कडेने फिरताना मात्र कुंपण डावीकडे हवे, तेव्हा तो फेरा सुलटा. थोडक्यात, बाहेरच्या वेशीच्या कडेने सुलटे फिरायचे आणि आतले जे काही असेल, घरासकट, त्याला उलटी प्रदक्षिणा घालायची.

क्रमही बदलला. आधी मी सरळ पट्टे घेत जात असे आणि झाड आले की त्याला वळसा घालून पुन्हा रेषेवर येण्याचा प्रयत्न करत असे. त्यात रेषाही मोडे आणि झाडापाशी चंद्रकोरीसारखे गवत राहून जाई. आता कडेचे दोन फेरे झाले की मी सरळ सगळ्या अडथळ्यांकडे जातो आणि प्रत्येकाभोवती दोन-दोन फेरे मारून घेतो. एकदा हे झाले की झाडाभोवती नऊ फुटांचा कापलेला पट्टा तयार असतो, आणि मग मधले सरळ पट्टे घेताना त्या पट्ट्यात कुठेही वळले, कुठेही थांबले तरी चालते. सगळे बारकाईचे काम सुरुवातीला, डोके ताजे असताना होते, ही आणखी एक सोय.

दुसरी चूक मात्र आळसाची. गवत कापताना मी पुढचा लोडर काढून ठेवतो, नाहीतर तो हत्तीच्या सोंडेसारखा पुढे राहतो आणि वळताना आधी तोच झाडाला भिडतो. लोडर असताना तोल साधण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे वजनाची पेटी अडकवलेली असते. लोडर काढल्यावर तिचे काही काम नसते, पण ती काढायला आणखी दहा मिनिटे लागतात, म्हणून एकदा मी ती तशीच ठेवली. ट्रॅक्टर पुढच्या चाकांनी वळतो. मागच्या आसाच्या पुढे जे आहे ते वळणाच्या दिशेने जाते, पण आसाच्या मागे जे लोंबते आहे ते उलट दिशेला झोकांडी खाते. झाडाभोवतीचा फेरा संपवून मी उजवीकडे वळलो आणि मागे ती पेटी डावीकडे झुकून एका कोवळ्या रेडबडच्या बुंध्याला घासली. रेडबड हा आपल्या कांचनाचा भाऊबंद. वसंतात पानांच्या आधी फांद्यांनाच गुलाबी-जांभळी फुले चिकटवणारा. हाताच्या पंजाएवढी साल निघून खाली लोंबत होती आणि आतले लाकूड ओलसर, पिवळट पांढरे दिसत होते. सालीच्या आतला जो पातळ थर झाडाला वाढवतो तो त्या जागी गेला होता. ही जखम बुंध्याभोवती कंकणासारखी पुरी फिरली असती तर झाड गेलेच असते. ते जगले, पण त्या बाजूच्या दोन फांद्या अजूनही रोड आहेत, आणि पेटी काढायचा कंटाळा आला की मी त्यांच्याकडे पाहतो.

त्या दिवशी पटले, की ट्रॅक्टरला झाडाजवळ नेणेच चूक आहे. झाडाला आळे करावे आणि ट्रॅक्टर आळ्याबाहेर राहावा. गावाकडे आळे पाणी धरण्यासाठी खोल करतात. इथे ते लाकडाच्या भुशाने, म्हणजे मल्चने, भरायचे. प्रश्न होता घेराचा. दुकानात मिळणारी तयार कडी तीन फुटांची असतात आणि झाडाला तेवढी पुरतातही, पण माझ्या ट्रॅक्टरला ती पुरत नाहीत. त्याची वळण्याची त्रिज्या सुमारे ८ फूट आहे, म्हणजे चाके पूर्ण वळवूनही तो याहून लहान वर्तुळ काढूच शकत नाही. मी पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद पात्यांना देणारा दांडा, बंद ठेवून, चाके पूर्ण डावीकडे वळवून मोकळ्या जागेत एक फेरा मारला, दर दोन-चार फुटांवर थांबलो, आणि शाळेत कबड्डीचे मैदान आखतात तशी डेकच्या आतल्या कडेला फक्की टाकत गेलो. जोडून पाहिले तर आत जवळजवळ ७ फूट व्यासाचे वर्तुळ उरले होते. आळ्याचे माप ते. एवढे आळे असले की एकाच वळणात, मागे न येता, ट्रॅक्टर झाडाभोवती फिरून बाहेर पडतो.

मग बेरीज सुरू झाली. दोन झाडे जवळ असतील तर दोन आळी करण्यापेक्षा दोघांना एकाच लांबट वाफ्यात घ्यायचे आणि वाफ्याचे कोपरे गोल ठेवायचे. बोअरचा पाइप आणि वीज कंपनीची पेटी शेजारच्या मेपलच्या वाफ्यात गेली. मात्र पेटीच्या दारासमोरची जागा मोकळी ठेवली. दाण्याचा खांब उचलून वाफ्यात नेला, झेंड्याचा खांब काढून टाकला, झोपाळ्याखाली सगळीकडे लाकडाचा भुसा पसरला. दोन बेटांमधल्या वाटेसाठी एक नियम केला: वाट एकतर दोन पट्टे सहज जातील एवढी, नऊ-दहा फुटांची असावी, नाहीतर मल्चने बंदच करून टाकावी. दीड पट्ट्याच्या वाटेइतका वेळ दुसरे काहीच खात नाही. तीन इंचांचा थर द्यायचा तर एक घनयार्ड मल्च १०८ चौरस फुटांना पुरते, म्हणजे अशी जेमतेम तीन आळी. पैसे वाचवायचे असतील तर झाडे कापणाऱ्यांना विचारावे. अनेकदा ते लाकडाचे तुकडे फुकट आणून टाकतात, कारण कचरा-आगारात त्यांना त्याचेच पैसे मोजावे लागतात. मल्च बुंध्याला टेकवून वारूळ मात्र करू नये. इथे दर दुसऱ्या घरासमोर तशी वारुळे दिसतात, आणि आत बुंध्याची साल ओलीगच्च राहून कुजत असते.

खालच्या फांद्या हा निराळा विषय. चालकाच्या मागे जी लोखंडी संरक्षक कमान असते ती माझ्या ट्रॅक्टरवर जमिनीपासून जवळजवळ ७ फूट उंच आहे. फांद्या लागतात म्हणून बरेच जण ती मागे दुमडून ठेवतात. ट्रॅक्टर उलटला तर जीव वाचवणारी गोष्ट ती, आणि तीही सीटचा पट्टा बांधलेला असेल तरच. कमान दुमडून पट्टा बांधणे तर त्याहून धोक्याचे, कारण मग माणूस खाली सापडतो. तेव्हा मी कमान उभीच ठेवली आणि फांद्या आठ फुटांपर्यंत वर घेतल्या. ओकच्या फांद्या थंडीतच छाटायच्या असतात, कारण उन्हाळ्यातल्या ताज्या जखमांवर येणारे किडे ओक विल्टची बुरशी आणतात. स्प्रूसची झाडे मात्र घागऱ्यासारख्या जमिनीपर्यंत आलेल्या फांद्यांमुळेच देखणी दिसतात. त्यांना हात न लावता फांद्यांच्या टोकापर्यंत मल्च घातले.

रस्त्याकडेच्या नाल्याचा उतार मी फोनच्या कोनमापकाने मोजला. तो काही ठिकाणी १५ अंशांच्या वर जातो, आणि तिथे ट्रॅक्टर नेत नाही. बाकीचे उतार वरखाली कापतो, आडवे नाही, आणि उतरताना चारही चाके गुंतवूनच. सपाटीवर मात्र चार चाकांचा गिअर काढतो, कारण त्यात जोराने वळले की आमच्या चिकणमातीतले गवत मुळासकट सोलून निघते.

एक अडथळा वहीत नव्हता. मे महिन्यात शेडजवळच्या खडीच्या कडेला ट्रॅक्टरसमोर एक पाखरू पंख फरफटत, जखमी असल्यासारखे ओरडत पळू लागले. किलडिअर, आपल्या टिटवीच्याच कुळातले. मी थांबून उतरलो, तसे ते आणखी दूर फरफटत गेले, आणि त्याला अजिबात काही झालेले नाही हे माझ्या ध्यानात आले. उलट दिशेला पाहत पावले टाकली तेव्हा खड्यांमध्येच, खड्यांसारखीच ठिपक्यांची चार अंडी दिसली. घरटे म्हणावे असे काही नव्हतेच. अंडी उबायला साधारण २४ ते २८ दिवस लागतात. चार काड्या रोवून मी तेवढा तुकडा महिनाभर सोडला. टिटवीने समुद्र आटवल्याची गोष्ट लहानपणी ऐकली होती. ट्रॅक्टर थांबवणे त्या मानाने सोपे असावे.

आज बेटे १७ आहेत आणि कापणी २ तास १० मिनिटांत होते. ट्रिमरचे काम वीस मिनिटांचे. दीड तास मला कधीच जमला नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये आईबाबा आले होते. पहिल्याच शनिवारी आई मागच्या ओसरीवर चहा घेऊन बसली आणि मी बर ओक जातीच्या मोठ्या झाडाभोवती फिरत होतो. यंत्र बंद करून पाणी प्यायला आलो तर म्हणाली, “अरे, एवढ्या मोठ्या झाडाला उलटी प्रदक्षिणा कसली घालतोस?” मी तिला डेकचे उजवीकडचे तोंड दाखवले, गवत कसे फेकले जाते ते सांगितले. तिने सगळे नीट ऐकून घेतले. “मग त्याचं तोंडच डावीकडं करायचं की,” ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.

वटपौर्णिमेला वड मिळण्यासारखा नव्हता. तिने सकाळी ओकला हळदकुंकू वाहिले आणि आळ्यातल्या मल्चवरून सावकाश चालत, झाड उजव्या हाताला ठेवून, सात फेरे घेत पांढरे सूत गुंडाळले. मला आधी वाटले, की पहिल्याच कापणीत हे सूत स्पिंडलवर गुंडाळले जाणार, कारण तारा आणि दोऱ्या अशाच जाऊन बसतात. पण बुंधा आणि डेक यांच्यामध्ये आता आळ्याचे साडेतीन फूट अंतर होते. आईबाबा ऑगस्टमध्ये परत गेले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी शेवटची कापणी केली तेव्हा ओकची पाने गळाली होती, सूत पावसाने करडे पडले होते, आणि सातही वेढे जागेवर होते.